येडशीच्या पुढं गाडीखाली

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला येडशीच्या पुढचा रस्ता आठवतो. आई गेल्यावर वडील बेंबळीत एकटेच राहिले होते. मी त्यांना इंदूरला न्यायला गाडी घेऊन आले, पण लेकीच्या घरी कायमचं राहणं त्यांना पटत नव्हतं. शेवटी, आईच्या दोन्ही मांजरी बरोबर घेणार असशील तर येतो, म्हणाले. ऊन लई होतं, म्हणून मांजरींना टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसवून वर ओलं गोणपाट बांधलं. येडशी ओलांडल्यावर त्यांना पाणी पाजायला थांबलो, तर गोणपाट सरकवताच काळी मांजर खाली उडी मारून पुढच्या चाकाच्या वर, पत्र्याच्या आत जाऊन बसली. मी हाका मारल्या, वाटीत दूध दाखवलं, ती हलेना. शेजारून ट्रक सुसाट जात होते; ती रस्त्यावर पळाली तर संपलंच. "अण्णा, तुम्ही सावलीत बसा," असं म्हणून मी पलीकडच्या बाजूनं बघायला गेले. तेवढ्यात वडील मातीत पालथे झाले आणि चाकाशी तोंड नेऊन हळू आवाजात बोलायला लागले; पलीकडं वाकलेल्या मला ते गाडीखालून ऐकू येत होतं. "ये गं बाय. मला बी न्हाय जायचं. पण पोरगी एवढ्या लांबून आलीय, तिला रिकाम्या हातानं कसं धाडावं?" थोड्या वेळानं मांजर त्यांच्या हातावर उतरली. त्यांनी कपडे झटकले आणि मला म्हणाले, "चल, उशीर होतोय." मी काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं गाडी सुरू केली. ते शेवटपर्यंत माझ्याकडंच राहिले, आणि इथं करमतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.