नौवाराची सांडणी
रात्रभर वाळवंटाकडचा वारा सुटला होता. हिवाळ्याची सुट्टी, तरी मसऊदाबाई सकाळीच शाळेच्या उंबऱ्यावरची घोटाभर वाळू फावड्यानं ओढत होत्या. मग भिजवलेला चुना काठीनं ढवळून त्यांनी मला हाक मारली, “बाकं सरकवायला ये गं.” मी शेजारच्या दुसरीच्या वर्गाची बाई. गेले.

पहिलीच्या वर्गात मसऊदाबाईंची एक रीत. नव्या पोरानं घरातली आवडती गोष्ट सांगायची. बाई त्याचा हात हातात धरून, त्याच्याच डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, तो शब्द निळ्या रंगानं भिंतीवर काढायच्या. भाकर, बादली, एकाची तर आजीची चप्पल. पोरं येताजाता बोट फिरवून वाचायची, हसायची. अक्षराची भीती अशी राहायचीच नाही. उन्हाळा आला की भिंतीला चुना, मग नवी पोरं, नवे शब्द.

गेल्या वर्षी पहिलीतल्या नौवारानं ‘सांडणी’ काढली होती, म्हणजे त्यांची घरची उंटीण. पुढे उन्हाळ्यात तिला विंचू चावला. दवाखाना गाठेपर्यंत पोर गेली. चुना देताना बाईंचा कुंचला त्या शब्दापाशी अडला. तेवढा राहू दिला. नौवाराची आई तिबर रोज पोरांसाठी उंटिणीचं दूध घेऊन यायची, शब्दावर हात ठेवायची आणि जायची. तिला वाचता येत नव्हतं.

पण नवी पोरं त्या भिंतीकडे फिरकेनात. “तिथं मेलेली राहते, बाई.” त्या बाजूला वाचायला उभं केलं की चुरूचुरू वाचणाऱ्या पोरीचीही दातखीळ बसायची.

शेवटी त्या शब्दावरही चुना द्यावा लागेल, असं बाईंनी तिबरला सांगितलं.

“म्हणजे पोरीला दुसऱ्यांदा पुरतेस?”

“कागदावर लिहून देते ना, बाये.”

“कागदाला तिचा हात लागलाय?”



आज भिंतीपुढची बाकं सरकवली आणि दारात तिबर.

बाईंनी कुंचला पुढे केला. “तू फिरवतेस?”

“मी आई आहे तिची. बाई तू. तुझं काम तू कर.”

बाईंनी चुना फिरवला. ओल्या चुन्याखाली शब्द तसाच दिसत होता. तिबर समोर मांडी घालून बसली. भिंत वाळत गेली, तशी निळाई आत आत जाऊ लागली.

“गेली?”

“शेवटचं अक्षर दिसतंय अजून.”

“कुठंय? दाखव की.”

बाईंनी तिचं बोट धरून तिथं नेऊन टेकवलं. दोघींपैकी कुणीच हात काढेना. मग तिथंही नुसतं पांढरं झालं.

तिबरनं बोट ओढणीला पुसलं. “उद्यापासून दुधाला दुसरं कुणी बघ. माझ्यानं आता ही वाट चालवणार नाही.”

ती गेली. बाईंनी खणातून पोरांच्या बोथट पेन्सिली काढल्या, ओटीत घेतल्या आणि एकेक तासायला बसल्या.