काळ्या पडणाऱ्या बाटल्या

बाटल्या धुऊन पुन्हा वापरता यायच्या. किस्से मात्र साचतच गेले. आम्ही तिघं भेटलो की एक जण काहीतरी सांगतो आणि दुसरा म्हणतो, "अरे, ते तर काहीच नाही!"

तिघं म्हणजे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, तापीकाठच्या गावात राहणारे नाना. चोपड्यात मेडिकल चालवणारे भागवतभाऊ. आणि मी, हायस्कूलची सायन्स टीचर. ऐंशीच्या दशकात नानांच्या गावात एका पावसाळ्यात घरोघर माणसं काविळीने आडवी झाली. तेव्हापासून दर रविवारी आम्ही नदीचं पाणी तपासायला लागलो. पगार नाही, भत्ता नाही. पद्धत साधी. औषधाची कागदी पट्टी टाकलेल्या बाटलीत पाणी भरायचं, उबेला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काळं पडलं, की त्यात मैला आहे!

*

सुरुवातीला बाटल्याच नव्हत्या. भागवतभाऊंनी दारूच्या दुकानातून रिकाम्या क्वार्टर आणून उकळल्या. पिशवी माझ्या मांडीवर. एसटी खड्ड्यात गेली की नुसता खणखणाट!

कंडक्टर तिकीट फाडताना हळूच म्हणाला, "बाई, दुःख काय असेल ते घरच्यांशी बोला."

*

पहिला रिपोर्ट घेऊन शेजारच्या गावच्या सरपंचांकडे गेलो.

"पाणी नापास झालंय," नाना म्हणाले.

"मग ऑक्टोबरला परत बसवा!"

ओटा हसला. आम्हीही हसलो.

ऑक्टोबरात त्या गावातली दोन पोरं गॅस्ट्रोने गेली. एक सरपंचांच्या सख्ख्या भावाचं.

*

एका उन्हाळ्यात वरच्या अंगाला कुणीतरी नाल्यात काहीतरी सोडलं. सकाळी काठाला मासेच मासे, पांढरी पोटं वर. एक भोई टोपल्या भरत होता.

मी ओरडले, "दादा, खाऊ नका! विष आहे त्यात!"

"आम्ही कोठे खातस, ताई? बजारमा इकसूत!"

त्या दिवशी बाजार आमच्याच चोपड्याचा होता.

*

एका बाईच्या माठातल्या पाण्याची बाटली काळी पडली. नानांनी तिला ती दाखवली, पाणी उकळून प्यायला सांगितलं. तिने बाटली उन्हात धरून पाहिली.

"उकाळाले लाकडं कोण देई, नाना?"

पुढच्या रविवारी नानांनी तिच्या दारात गाडीभर जळण टाकलं. त्यानंतरच्या रविवारी अख्खं गाव नानांच्या दारात!

*

नानांची माय अंथरुणाला खिळली होती. अन्न सुटलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघं भेटायला गेलो, तर ती एकच म्हणत होती, "माले तापीनं पाणी दे."

नाना घाटावरून पाणी घेऊन आले. तुरटी फिरवली, खळखळा उकळलं, दुहेरी फडक्याने गाळलं, गार केलं. मग पळीने तिच्या तोंडात घातलं.

मायने ते क्षणभर तोंडात धरलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर सोडून दिलं.

"हाई तापी नही शे."

"माय, तापीनंच शे."

"नही रे, नाना."

नानांनी भागवतभाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच घाटावरून आदल्या दिवशी भरलेली बाटली खिडकीत होती. शाईसारखी काळी.

नाना तांब्या घेऊन उठले. घाट उतरले, भरून घेऊन आले.

माय डोळे मिटून पळीपळीने प्यायली. घोट गळ्यातून उतरताना दिसत होता.

"हाई शे," ती म्हणाली.

तांब्यात पाणी उरलं होतं. नानांनी तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि उभ्याउभ्या रिकामा केला.