मामाच्या जठरातल्या तपकिरी रेघा

शहरातल्या आमच्या पुंडलिकनगरात आठवड्यातून एकदाच नळाला पाणी यायचं, त्या वर्षी मामा आमच्याकडं राहायला आला. पाचोडकडं त्याची मेंढरं होती. दुष्काळात चारा संपला तशी ती विकून तो चितेगावच्या एका कारखान्यावर वॉचमन झाला. तिथंच त्याला जेवण जाईना. दोन घासांत पोट भरायचं. दुर्बिणीनं तपासलं, तर जठराचा कॅन्सर.

मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. रुग्णांच्या शरीरातून काढून मेणात बसवलेल्या तुकड्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर घेऊन रंगवायचे, हे माझं काम. ऑपरेशननंतर मामाच्या जठराचा भाग माझ्याच टेबलावर आला. पहिला काप फाटला.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी मामाची दोस्ती जमली होती. त्याचीही गाठ जठरात, जवळपास तेवढीच. काही महिन्यांत तो गेला. रोग पोटात सगळीकडं पसरला होता. पुढच्या तपासणीला आलेल्या मामानं मला विचारलं, "आजार येकच, जागा येकच. मग त्याचा समदीकडं हिंडला अन् माझा हितंच कसा थांबला?"

इतकी वर्षं काचा रंगवल्या, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. दुपारी डबा तसाच ठेवून मी आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना गाठलं.

त्या म्हणाल्या, "जवळपास प्रत्येक पेशीत शरीराची सगळी जनुकं असतात, पण सगळी एका वेळी काम करत नाहीत. काही चालू, काही बंद. एक जनुक पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं प्रथिन बनवतं. ते जनुक बंद पडलं की पेशी सुटतात. एरवी बंद असलेली काही चालू झाली, की त्या हालचाल करू लागतात. अर्थात, एका जनुकावर सगळं ठरत नाही."

"बंद पडलेलं जनुक जातं कुठं?"

"कुठंच नाही. कधी ते बिघडलेलं असतं, पण पुष्कळदा तिथंच असतं. नुसतं बंद."

हे 'नुसतं बंद' माझ्या डोक्यातून जाईना. टँकरच्या रांगेत उभी राहिले तरी तेच. शेवटी मॅडमच्या परवानगीनं मी मामाच्या तुकड्याच्या कापाला पेशी चिकटवणारं ते प्रथिन दाखवणारा रंग दिला. प्रथिन असेल तिथं तपकिरी दिसतं.

मामाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तो बराच वेळ डोळा लावून होता.

"रेघा दिसत्यात. खोपट्याला खोपटं लागल्यावानी."

"त्या पेशींच्या कडा. अजून एकमेकींना धरून आहेत."

मी काच किंचित सरकवली. कोपऱ्यात रेघा पुसट होत्या, दोन-चार पेशी एकेकट्या पडलेल्या.

"ह्या निघाल्या व्हत्या म्हन की."

"व्हय. एकमेकींना धरून ठेवायचं काम त्यांच्यात बंद पडलं."

"कुनी बंद केलं त्यांचं?"

मॅडम मागंच उभ्या होत्या. "जठरात वर्षानुवर्षं राहिलेला जंतू, तंबाखू, खारवलेलं खाणं, यांचा हात असू शकतो. तुमच्या बाबतीत नेमकं काय, ते मला माहीत नाही."

डॉक्टरला 'माहीत नाही' म्हणताना मामानं पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो खूश झाला. "मंग हुडका की," म्हणाला.

केमोनं त्याला पार पिळून काढलं, पण तो उठला. दोन वर्षांनी पाऊस बरा झाल्यावर पाचोडच्या बाजारातून चार मेंढ्या घेतल्या. पुढं पुष्कळ जगला, आणि गेला तो दुसऱ्याच दुखण्यानं. मी मात्र तेव्हापासून काच रंगवून झाली की लगेच पुढं देत नाही. आधी स्वतः बघते.