डावीकडची खिडकी

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी एक लग्नपत्रिका वाचली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर डावीकडे बाईची खिडकी, तिच्यात तिनं जुळवलेली पत्रिका. उजवीकडे माझी, तिच्यात गिऱ्हाइकानं हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो. ती डावीकडचं मोठ्यानं वाचायची, मी उजवीकडे बोट लावून मिळतंय का बघायचो. माझी शाळा चौथीपर्यंत. बाई म्हणायची, “शिकलेली माणसं नजरेनं उड्या मारतात. तुम्ही चिखलातनं चालल्यासारखं वाचता, म्हणून तुम्हालाच चूक सापडते.” हे कौतुक होतं की टोमणा, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशीही सापडली. कागदाच्या कडेला एक नाव उभं लिहिलेलं होतं.

“बाई, ही कोण बाजूला उभी हाय?”

“मुलीची आत्या! राहिलीच की. तिला आत घ्यायला हवी, नाहीतर मांडवात रुसून बसेल.” मनगट चोळत ती म्हणाली, “सकाळी घेते. आज हात नको म्हणतोय.”

मग पिठलं-भाकरी खाल्ली आणि झोपलो.

बाई म्हणजे माझी बायको. पण सगळं शिरूर तिला बाई म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो. मिशनच्या आवारात वाढली, टायपिंगच्या क्लासात शिकवून म्हातारी झाली. मी राहू गावचा, भाजीचा टेम्पो चालवणारा. तिच्यात नि माझ्यात जमीन-अस्मानाचा फरक, पण चर्चमध्ये एका बाकावर बसायचो, तेवढ्यावर लग्न जमलं. क्लास बंद पडल्यावर तिनं पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि पत्रिका करायला घेतल्या. हिंदूंच्या, ख्रिस्ती लोकांच्या, लग्नाच्या, दहाव्याच्या, सगळ्या.

पहिल्यांदा तो कॉम्प्युटर सगळ्यांचा असतो तसाच होता. खिडक्या एकीच्या अंगावर एक. खाली दबलेली दिसायची नाही. एकदा तळेगाव ढमढेऱ्याच्या एका लग्नाची पत्रिका वाचत होतो. ‘वधूवरांस आशीर्वाद देण्यास अगत्य येण्याचे करावे’ इथपर्यंत ठीक. त्याच्या खाली, ‘दशक्रिया विधी घोडनदीकाठी होईल.’ मी म्हटलं, “बाई, नवरदेव मांडवातच मारलास का?” खाली दबलेल्या दहाव्याच्या पानातली ओळ वर चिकटली होती. मी हसून हसून लोळलो. ती हसली नाही. दोन घास कमी जेवली.

त्यात मनगट धरलेलं. माऊस हलवला की कळ खांद्यापर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले, काम सोडा. बाई म्हणाली, “काम सोडून तुमचं तोंड बघत बसू?” हे मला उद्देशून. तिची एक जुनी विद्यार्थिनी, आता पुण्याला कॉम्प्युटरवर नोकरी करते, ती एका रविवारी आली आणि सगळी मांडणीच बदलून गेली. आता खिडक्या शेजारी-शेजारी बसायच्या, शेतातल्या वाफ्यांसारख्या. कोणी कोणावर चढायचं नाही. नवीन आली की बाकीच्यांनी सरकून जागा द्यायची, एक गेली की उरलेल्यांनी पसरून बसायचं. माऊस नाही, सगळं कीबोर्डच्या कळांवर.

मी म्हणालो, “ही तर तळेगावची जीप हाय. कितीबी आले तरी सरका म्हणायचं.”

“जीपमध्ये माणसं मांडीवर बसतात,” बाई म्हणाली. “इथं नाही बसत.”

पण पहिले काही दिवस वाईट गेले. सुरू केलं की पडदा मोकळा, एक चित्र नाही, काही नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, “बाई, बंद पडलाय वाटतं.” सवयीनं तिचा हात माऊसकडे जायचा आणि रिकाम्या टेबलावर फिरायचा. चुकीची कळ दाबली की खिडक्या भलतीकडेच. एकदा अर्धी पत्रिका गेली तेव्हा ती रडली. मी म्हटलं, “आणू का परत तो उंदीर?” तिनं तो पिठाच्या डब्यामागे लपवला होता, मला ठाऊक होतं. “आणलात तर भाकरी तुम्हीच थापायची,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं क्लासातली युक्ती काढली. क्लासात ती पोरींच्या हातांवर रुमाल टाकायची, कळा बघता येऊ नयेत म्हणून. आता स्वतःच्या हातांवर पदर टाकून बसली. पुटपुटायची, “हात उचलला की काम सांडलं.” महिनाभरात पदराखालून नुसता टकटक आवाज यायला लागला आणि पडद्यावर खिडक्या हुकमात हलायला लागल्या. मनगटही जरा निवलं.

मलाही थोडं शिकवलं. एक चौकोनी चित्राची कळ आहे, ती आधी धरायची, मग दुसरी कुठली. ती धरल्याशिवाय काही हलत नाही. मी तिचं नाव मालकीण ठेवलं. बाईला ते आवडलं. आकडा दाबला की सगळा पडदाच बदलायचा. एकवर लग्नं, नऊवर दहाव्याची आणि अंत्यविधीची पानं. मधले आकडे तिनं मोकळे ठेवले होते. “लग्नघराच्या भिंतीला भिंत लावून मयताचं घर नको,” म्हणायची.

त्या पिठलं-भाकरीनंतर ती झोपली ती सकाळी उठलीच नाही. दुपारी मिशनच्या कब्रस्तानात नेली. ज्यांच्या मुलीची पत्रिका होती ते तळेगावचे आप्पा मातीला आले होते. दबकत म्हणाले, “मामा, पत्रिकेचं मी दुसरीकडं बघतो. तुम्ही त्यात मन घालू नका.”

मी म्हटलं, “कुठं न्यायची न्हाई. बाईनं हातात घेतलंय ते. सकाळी या.”

म्हणालो खरा. पण त्या कॉम्प्युटरवर माझ्या बोटानं कधी एक ओळ उमटली नव्हती.

सकाळी तिच्या खुर्चीवर बसलो. मालकीण धरली, एक दाबला. दोन्ही खिडक्या जशा ठेवल्या होत्या तशा होत्या. शिकणाऱ्यांसाठी कळांवर तिनं मराठी अक्षरं चिकटवली होती, ती शोधत शोधत आत्याला आत घेतलं. वरच्या मामा-मामींनी सरकून जागा दिली. मग डावीकडचं मोठ्यानं वाचलं, उजवीकडे बोट लावलं. दोन्ही कामं माझीच. मिळालं. छापलं.

पत्रिकेची खिडकी मिटली, तशी माझी पसरली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कोणी गेलं की उरलेल्यानं पसरून बसायचं, ही तिथली रीतच. मला ते बघवेना. मी मालकीण धरून एक रिकामी खिडकी उघडली. माझी अंग चोरून अर्ध्यात आली. मग बाण दाबून रिकामी डावीकडे नेली.

दारात आप्पांचा आवाज आला. पडदा तसाच ठेवला आणि चहा टाकायला उठलो.