धरणाखालची गटारी

लेकीकडे अमेरिकेत आलोय. काल जावयांनी धरण दाखवायला नेलं. अंडी घालायला समुद्रातून नदीत चढणारे सॅमन मासे भिंतीपाशी खोळंबले होते, आणि एक मिशाळ सी लायन, सीलसारखा समुद्री प्राणी, त्यांतला एकेक उचलून निवांत खात होता.

"माशांची संख्या जरा वाढायला लागली, की हे सी लायन खाऊन टाकतात," जावई कळवळून म्हणाले.

"मेल्याला श्रावण नाही वाटतं!" आमची मालवणची ही म्हणाली. तिचा स्वतःचा श्रावण चालू आहे.

मला मात्र प्रश्न पडला. याचं पोट पूर्वीही एवढंच असणार. मग इतकी वर्षं याचं आणि माशांचं जमलं कसं?

हिची नजर एव्हाना भिंतीवर गेली होती. "बिचाऱ्याला काय बोलायचं? गटारीचं ताट आपणच मांडून दिलंय की त्याच्यापुढे!"