सगळी उत्तरं बायकोची

कॅज्युअल्टीतल्या आमच्या डॉक्टरीणबाईंना लोक पाठीमागे ‘कंजूषबाई’ म्हणतात. डोकं आपटलेला माणूस आला की नातेवाइकांचं एकच पालुपद, स्कॅन काढा! बाई आधी प्रश्न विचारतात. उलटी झाली? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? कसे पडलात, आठवतंय? उत्तरं ठीक असली की घरी. उगाच किरणं कशाला, आणि मशीन एकच. मी इथली सिस्टर. निर्णय बाईंचा, शिव्या मला.

त्या दुपारी स्टुलावरून पडलेल्या एका शिंप्याला त्याची बायको घेऊन आली. मशीनवर अपघाताचा पेशंट होता, बाहेर आणखी दोघे ताटकळत होते.

“चक्कर आली होती?” बाईंनी त्याला विचारलं.

“छे हो, स्टूलच डुगडुगतं,” बायको म्हणाली. “कितीदा सांगितलं, ऐकतील तर शपथ!”

“उलटी?”

“नाही. चहासुद्धा प्यायले.”

“आज वार कोणता?”

“मंगळवार.”

तो गोड हसत मान डोलावत होता. मलाही हसू आलं. अशी जोडपी रोज दिसतात. बाईंनी घरी जायला सांगितलं.

दोघं दारापर्यंत पोचली आणि बाईंचा चेहरा उतरला.

“सिस्टर, ते स्वतः एक शब्द तरी बोलले का हो?”

मी धावले, बायकोला बाकावर बसवलं आणि त्याला एकट्याला आत आणलं.

“कुठे पडलात?” बाईंनी विचारलं.

त्यानं हसून दाराकडे पाहिलं. “ही सांगेल.”

“वार कोणता?”

“ही... सांगेल.”

बाईंनी रांग मोडून त्याला स्कॅनला घेतलं. बाहेरचा एक जण अंगावर धावून आला, त्याला मी चांगलंच झापलं. स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्त साठलेलं दिसलं. त्याला तडक ऑपरेशनला नेलं.

“मी गप्प बसले असते तर...” बायको रडत म्हणाली.

“विचारत मी होते. चूक माझी,” बाई म्हणाल्या. मला दोघींचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. बाईंनी वाकून नाव विचारलं. बायकोनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तो बोलेना. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण हात हलले नाहीत. सांगून टाकावं असं मलाच झालं.

अखेर त्याचे ओठ हलले.

“नाव सांगतो. आधी हिला गप्प कुणी बसवलं ते सांगा.”