सगळ्यांची नाकं तपासा

घाटंजीच्या बाजारात बकरी घेताना मी आधी तिचं नाक बघतो. वाहत असेल तर भाव पाडतो. यवतमाळला डायलिसिसच्या हॉलमध्ये सिस्टरने माझ्याच नाकात कापसाची काडी फिरवली, तेव्हा पहिल्यांदा मला बकरीची दया आली.

रिपोर्ट आला. माझ्या नाकात नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतू निघाले. मला ना ताप, ना सर्दी; ते फुकट मुक्कामाला होते. पण शेजारच्या मशीनवर कळंबचा माझा दोस्त असायचा. त्याच्या मानेत डायलिसिसची नळी; तिथून जंतू थेट रक्तात शिरतात. त्याच आठवड्यात तो तापाने फणफणला आणि वॉर्डात भरती झाला. झालं! मला उचलून संडासाजवळच्या कोपऱ्यातल्या मशीनवर टाकलं. दोस्ताची बायको दर वेळी मला बिनमिठाचा चिवडा द्यायची. तिने मला पाहून डबा पिशवीत घातला. जणू मीच तिच्या नवऱ्याला मारायला निघालो होतो.

मी मशीनवर असताना सिस्टर मलम घेऊन आली.

"चाचा, हे पाच दिवस, दोन टाइम नाकात लावायचं."

"लावतो. पण तुमचंही नाक तपासा."

"माह्यं काहून?"

"एक बकरी शिंकली तर मी अख्खा कळप पाहतो, अन् हाकणाऱ्यालेही पाहतो. दोस्ताच्या नळीले हात कोण लावते? मी लावतो का?"

"हळू बोला. बीपी वाढून राह्यलं तुमचं."

"वाढू द्या!"

सुई टोचलेला हात हलला आणि मशीन कोकलायला लागलं. डॉक्टर धावत आले. मी अट सोडली नाही. शेवटी सगळ्यांची नाकं तपासली, डॉक्टरांचंसुद्धा. सिस्टरच्या नाकात तेच जंतू निघाले.

आता कोणी माफी मागेल, असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले, "कोणाचे कोणाकडे गेले, सांगता येत नाही." म्हणजे मी सुटलोही नाही. सिस्टर आणि मी, दोघंही मलम लावलेली नाकं घेऊन एकमेकांकडे रागाने बघायचो.

पुन्हा तपासलं, तेव्हा दोघंही साफ. दोस्तही परतला, वाळून अर्धा झालेला.

"चला चाचा, जुन्या जागेवर," सिस्टर म्हणाली.

"आधी तुमचा रिपोर्ट दाखवा."

तिने दाखवला. मी नीट वाचला, मगच उठलो.

दोस्ताच्या बायकोने डबा पुढे केला. "घ्या न भाऊ."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"घे न बे, नाटकं नको करू," दोस्त म्हणाला.

"हिचं नाक तपासलं का कोणी?"

तो इतका हसला की त्याचं मशीन बोंबललं. चिवडा मी खाल्ला. राग अजून आहे.